अशोका रोडचं फाटक

25 जुलै 2001, रात्री 12. साडेतेरा तास उरले.

तारीख पालटली. वार बुधवार. पंचांगात श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजे नागपंचमी. दिल्लीत संसदेचं पावसाळी अधिवेशन परवाच, सोमवारी सुरू झालंय आणि युनिट ट्रस्टच्या 'यूएस-64' योजनेवरून विरोधक सरकारवर तुटून पडलेत. मुशर्रफ आग्र्याला आले, बोलणी फिसकटली, ते परत गेले, त्यालाही आता आठवडा उलटून गेलाय. वर्तमानपत्रांना विषयांची ददात नाही. अशोका रोडवरच्या 44 नंबरच्या सरकारी बंगल्यात कोण येतं, कोण जातं, याची कुणाला पडलेली नाही.

बंगला मिर्झापूरच्या खासदार फुलनदेवी यांना मिळालेला आहे. 10 ऑगस्टला त्या 38 पूर्ण करतील. 'त्या' लिहिताना हात अडखळतो खरा. डाकू असताना, कैदी असताना, पडद्यावर आल्यावर, लोकसभेत निवडून गेल्यावरही सगळ्या देशानं तिला 'ती'च म्हटलं. मीही पुढे तेच करणार आहे, पण गावच्या पोरीला म्हणावं तसं.

पहाटे 4. साडेनऊ तास.

घटनाक्रम लिहायला बसलं की पहिला पेच सुरुवातीचा. पोलीस कट रचल्यापासून मोजतात. वर्तमानपत्रं 1981 च्या बेहमई हत्याकांडापासून मोजतात. त्या हिशेबानं या पहाटे 20 वर्षं, 5 महिने आणि 11 दिवस भरलेत. तिला स्वतःला विचारलं असतं, तर मला वाटतं तिनं कडुलिंबापासून सुरुवात केली असती.

उत्तर प्रदेशात जालौन जिल्ह्यात, यमुनेच्या काठी, गोरहा का पुरवा नावाचं खेडं आहे. वस्ती मल्लाहांची. मल्लाह म्हणजे नावाडी. नदी त्यांची, शेतं दुसऱ्यांची. फुलनचा बाप देवीदीन याच्या वाट्याची बरीचशी जमीन भाऊबंदकीत गेली होती. उरला एक तुकडा आणि त्यावर एक मोठा कडुलिंब. चुलतभाऊ मायादीननं ते झाड तोडून लाकूड विकायला काढलं, तेव्हा दहा-अकरा वर्षांची फुलन आडवी आली. शिव्या दिल्या, शेतातच ठाण मांडून बसली, बेदम मार खाल्ला. बाप गप्प राहिला. झाड गेलं.

त्यानंतर लगेच तिचं लग्न लावून दिलं, तिप्पट वयाच्या माणसाशी. तिथून ती पळून माहेरी आली, आणि नवऱ्याकडून परत आलेल्या मुलीला माहेर कसं वागवतं ते वेगळं सांगायला नको. 1979 साली मायादीननंच तिच्यावर चोरीचा आळ घेतला. पोलीस कोठडी झाली. त्याच वर्षी बाबू गुज्जरच्या टोळीनं तिला उचलून नेलं.

पुढचं खातं असं आहे. गुज्जर तिच्यावर अत्याचार करत होता, म्हणून टोळीतल्या विक्रम मल्लाहनं त्याला गोळी घातली. टोळी विक्रमकडे आली. फुलन त्याची जोडीदार झाली, बंदूक चालवायला शिकली. मग श्रीराम आणि लालाराम हे दोघे ठाकूर भाऊ तुरुंगातून सुटून टोळीत परतले. मल्लाहानं गुज्जरला मारून टोळी घेतली, हे त्यांना पचलं नाही. 1980 मध्ये त्यांनी विक्रमला झोपेत संपवलं आणि फुलनला बेहमई या ठाकुरांच्या गावी नेऊन कोंडलं. तीन आठवडे. रोज रात्री वेगवेगळे पुरुष. शेवटी तिला उघडी करून गावच्या विहिरीवरून पाणी आणायला लावलं, आणि गाव बघत उभं राहिलं.

गुज्जरचं मरण विक्रमच्या नावे, विक्रमचं श्रीरामच्या नावे. आता पुढची नोंद तिची होती.

दुसरं घड्याळ: 14 फेब्रुवारी 1981.

दुपार. यमुनेकाठच्या घळींतून एक टोळी बेहमईत शिरते. अंगावर पोलिसांसारखे खाकी कपडे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला आधी पोलीसच वाटावेत. फुलन विहिरीच्या कठड्यावर चढते. तीच विहीर. हातात भोंगा. ती ओरडून सांगते की श्रीराम आणि लालाराम यांना बाहेर काढा, घराघरातला पैसा-दागिना आणून ठेवा.

पुढचा तासभर घरं धुंडाळली जातात. कणग्या, माळे, गोठे, गवताच्या गंजी. ट्रंका फुटतात. ते दोघे सापडत नाहीत, कारण ते त्या दिवशी गावात नाहीतच. सगळा दिवस या एका गोष्टीवर फिरतो. ज्यांच्यासाठी ती आली ते दोघे सोडून बाकी सगळं गाव हाताशी होतं.

दिवस कलायला लागतो. हाती लागलेल्या पुरुषांना हाकत नदीकडच्या बाजूला नेतात. पुन्हा विचारतात. कुणी म्हणतं माहीत नाही, कुणी हात जोडतं. त्यांना गुडघ्यांवर बसवतात. मग गोळ्या. 20 जण ठार झाले, बहुतेक ठाकूर. प्रेतांखाली दबून काही जण वाचले आणि पुढची चाळीस वर्षं तीच गोष्ट न्यायालयात सांगत राहिले. आपण गोळी चालवली नाही, हे फुलन अखेरपर्यंत सांगत आली. गावानं ते कधी मानलं नाही.

मारल्या गेलेल्यांत तिच्यावर अत्याचार करणारे किती होते आणि नुसते ठाकूर म्हणून जन्मलेले किती, हा प्रश्न त्या काळच्या जल्लोषात कुणी फारसा विचारला नाही. मल्लाहांच्या वस्त्यांमधून ती देवी झाली. बाजारात तिच्या बाहुल्या आल्या, पोलिसी पोशाखातल्या, छातीवर काडतुसांचा पट्टा घातलेल्या.

सकाळी 6. साडेसात तास.

आत्मसमर्पणाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. 12 फेब्रुवारी 1983, मध्य प्रदेशातलं भिंड. व्यासपीठावर गांधीजींची तसबीर आणि दुर्गेची. समोर हजारोंची गर्दी. लोक सहा फुटी राक्षसीण बघायला आलेले आणि दिसली ती हडकुळी, बुटकी, कपाळाला लाल फडकं बांधलेली एकोणीस वर्षांची मुलगी. मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांच्यापुढे तिनं रायफल ठेवली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिनं राज्यच बदललं होतं. भिंडचे पोलीस अधीक्षक राजेंद्र चतुर्वेदी यांनी महिनोन्‌महिने घळींतून निरोप पाठवून तिला इथवर आणलं होतं.

पण मला फोटोपेक्षा तिच्या अटींची यादी महत्त्वाची वाटते. फाशी नको आणि आठ वर्षांपेक्षा जास्त कैद नको, या अटी कुठल्याही डाकूनं घातल्या असत्या. तिच्या बाकीच्या मागण्या घरच्यांसाठी होत्या. जमीन हवी, भावाला सरकारी नोकरी हवी, घरच्यांना पोलिसांच्या संरक्षणात इथं आणा, त्यांच्या डोळ्यांदेखत मी शस्त्र ठेवीन. जिच्या नावानं चंबळचं खोरं थरथरत होतं, तिच्या यादीत अर्धा मजकूर माहेरचा होता.

आठ वर्षांची अकरा झाली. ग्वाल्हेर, मग तिहार. खटला एकही चालला नाही. तुरुंगात असताना शस्त्रक्रिया झाली आणि त्यात तिचं गर्भाशय काढलं गेलं. म्हणजे माहेर होतं ते आधीच हातचं गेलं होतं, आणि पुढे स्वतःचं लेकरू होण्याची वाटही सरकारी दवाखान्यात बंद झाली.

फेब्रुवारी 1994 मध्ये ती सुटली. मुलायमसिंह यादवांच्या सरकारनं तिच्यावरचे खटले मागे घेतले होते. ते घेता येतात का, यावरची भांडणं कोर्टात पुढे चालूच राहिली. त्याच वर्षी शेखर कपूरांचा 'बँडिट क्वीन' आला. आपल्यावरचा बलात्कार आपल्याला न विचारता पडद्यावर दाखवला म्हणून तिनं त्या चित्रपटाविरुद्ध न्यायालय गाठलं. दहा वर्षांची असताना झाडासाठी आडवी आली होती, तशीच.

सकाळी 8. साडेपाच तास.

एक गोष्ट मराठी वाचकाला जवळची. फेब्रुवारी 1995 मध्ये ती आणि तिचा नवरा उमेदसिंह नागपूरला आले आणि दीक्षाभूमीवर बौद्ध झाले. ज्या जागी बाबासाहेबांनी 1956 साली लाखोंसह जन्मजातीचा पसारा खाली ठेवला, तिथं यमुनेकाठची एक मल्लाह बाई येऊन उभी राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठं यायचं ते तिला कळलं होतं. हे फेब्रुवारीचं काय गणित आहे कोण जाणे. बेहमई, भिंड, सुटका, दीक्षा, सगळं याच महिन्यात.

1996 मध्ये समाजवादी पक्षानं तिला मिर्झापूरमधून उभं केलं. ती निवडून आली. विरोधकांनी प्रचारात बेहमईच्या विधवा फिरवल्या, तरी आली. 1998 ला पडली, 1999 ला परत आली. आणि या बंगल्याची धर्मशाळा झाली. दिल्लीत काम घेऊन आलेले मिर्झापूरचे लोक, मल्लाह, निषाद, केवट, कश्यप, एकलव्य सेनेचे कार्यकर्ते, कुणाचा बदलीचा अर्ज, कुणाची पोलिसांकडची तक्रार. एकलव्य सेना तिनंच काढली होती, खालच्या मानलेल्या जातींच्या लोकांना स्वतःचं रक्षण करायला शिकवण्यासाठी. ज्या बाईला गोतावळा असा उरलाच नव्हता, तिनं जातभाई आणि कार्यकर्ते हाच गोतावळा धरला होता. येणाऱ्याला ओळख लागायची ती एवढीच, की तो आपल्यातल्या कुणाबरोबर तरी आलाय.

आणि आज नागपंचमी. आपल्याकडे या दिवशी लेकी माहेरी येतात. तवा चुलीवर चढवायचा नाही, काही चिरायचं नाही, दिंडं उकडायची, नागाला भाऊ मानून पुजायचं. उत्तर प्रदेशात बऱ्याच ठिकाणी हाच सण 'गुडिया' म्हणून होतो. मुली चिंध्यांच्या बाहुल्या करून चौकात किंवा तळ्याकाठी आणून टाकतात आणि मुलगे रंगीत छड्यांनी त्या बाहुल्यांना बडवतात. का, ते कुणी धड सांगत नाही. प्रथा आहे. लहानपणी फुलननंही अशी बाहुली शिवलीच असणार.

सकाळी 10. साडेतीन तास.

इथं शेरसिंह राणा घटनाक्रमात येतो. वय 25, गाव रुरकी. बेहमईपासून रुरकी शेकडो किलोमीटर दूर, आणि बेहमई घडली तेव्हा हा चार वर्षांचा होता. त्याच्या घरचं तिथं कुणी मेलं नव्हतं. ठाकूर आणि राजपूत या शब्दांचं नातं सोडलं, तर त्याचा त्या गावाशी संबंध नव्हता. सूड तोवर रक्ताच्या नात्यातून सुटून जातीच्या नावावर चढला होता.

तो भिंत चढून आला नाही. अंधारात आला नाही. पोलिसांनी पुढे मांडलेल्या कहाणीनुसार तो एकलव्य सेनेशी संबंधित ओळखीच्या माणसांच्या आधारानं या घरात ये-जा करू लागला होता. त्या सकाळीही तो आला. आपल्याला सेनेत काम करायचंय, असं त्यानं तिला सांगितलं म्हणतात. सणाचा दिवस, घरात खीर झाली होती आणि त्यालाही वाटीभर मिळाली, असंही सांगतात. ही खिरीची वाटी आता या प्रकरणाच्या प्रत्येक कथनात येते. लोकांना ती सोडवत नाही, आणि का ते कळतं. आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यालाही माफी नाही, मग हे तर...

सकाळी 11. अडीच तास.

लोकसभा भरली. अशोका रोड ते संसद भवन हे अंतर गाडीनं पाच-सात मिनिटांचं. फुलनदेवी सभागृहात.

तिच्या संसदीय कामगिरीवर लिहिण्यासारखं फार नाही; बोललीही थोडं. पण सभागृहातलं तिचं बसणं ही गोष्टच लोकांना खुपत होती. गुन्हेगारीतून राजकारणात आलेले त्या सभागृहात आणखीही होते आणि त्यांतले कितीतरी तिच्याइतके दिवससुद्धा तुरुंगात राहिले नव्हते. त्यांना कुणी येता-जाता डाकू म्हणत नसे.

दुपारी 1. अर्धा तास.

जेवणाची सुट्टी. ती घरी जेवायला निघते. गाडीत तिच्याबरोबर दिल्ली पोलिसांचा एक अंगरक्षक. वीस वर्षांचं वैर डोक्यावर असलेल्या बाईला एक. घळीत असताना ती एका जागी फार काळ थांबत नसे. दिल्लीनं तिला ठरल्या वेळी ठरल्या रस्त्यानं घरी यायची सवय लावली.

फाटकाजवळ एक हिरवी मारुती 800 आहे.

दुपारी दीड.

गाडी 44 नंबरपाशी येऊन थांबते. ती उतरते. तोंड झाकलेले हल्लेखोर पुढे येतात आणि अगदी जवळून गोळ्या झाडतात. डोक्यात, छातीत, हातावर. अंगरक्षक पिस्तूल काढतो, उलट गोळ्या झाडतो, त्यालाही लागतं. तो पडतो. (पुढे तो वाचला.) फाटकापासून घराच्या दारापर्यंतचं अंतर काही पावलांचं होतं. ते तिनं चाललं नाही.

हिरवी मारुती निघून जाते. थोड्या अंतरावर हल्लेखोर ती टाकून देतात आणि रिक्षा पकडतात. ल्युटेन्सच्या दिल्लीतल्या रुंद, झाडांच्या, जागोजागी पोलीस असलेल्या रस्त्यांवरून, भर दुपारी.

दीड वाजून गेल्यावर.

राम मनोहर लोहिया रुग्णालय जवळच आहे. तिथं तिला मृत घोषित केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर भिंडचा तोच फोटो, कपाळावरचं तेच लाल फडकं. खासदार म्हणून काढलेले फोटो शोधायला कुणी वेळ घालवला नाही.

दुसऱ्या दिवशी मिर्झापूरला गंगेकाठी अंत्यसंस्कार. तिसऱ्या दिवशी, 27 जुलैला, राणा देहरादूनमध्ये पोलिसांच्या हाती आला. बेहमईचा बदला घेतला, असं त्यानं सांगितलं, आणि उत्तरेतल्या काही गावांतून त्याचे सत्कार करायची भाषा सुरू झाली. ज्या गावानं आपल्या वीस पुरुषांची नावं दगडावर कोरून ठेवलीत, त्या बेहमईला या पोऱ्याचं नाव तोवर माहीत नव्हतं.

राणाची पुढची कथा एखाद्या हलक्या चित्रपटासारखी आहे, म्हणून थोडक्यात. 17 फेब्रुवारी 2004 रोजी (पुन्हा फेब्रुवारी) पोलिसाच्या वेशातल्या साथीदारानं त्याला कोर्टाच्या तारखेसाठी म्हणून तिहारमधून बेड्यांसकट बाहेर काढलं. दोन वर्षांनी तो कोलकात्यात सापडला. मधल्या काळात अफगाणिस्तानात जाऊन पृथ्वीराज चौहानाच्या समाधीची माती आणली, असा त्याचा दावा. ऑगस्ट 2014 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली. बाकीचे 10 आरोपी पुराव्याअभावी सुटले. 2016 मध्ये उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. तो राजकारणातही उतरला.

बेहमईचा खटला मात्र कानपूर देहातच्या न्यायालयात सावकाश चालला होता. साक्षीदार म्हातारे झाले, मेले. आरोपीही मेले. 43 वर्षांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, निकाल लागला तेव्हा पुढे उभं करायला दोनच आरोपी उरले होते. एकाला जन्मठेप झाली, एक सुटला. श्रीराम आणि लालाराम हे दोघे त्या खटल्यात आरोपी नव्हते, साक्षीदार नव्हते आणि मृतांच्या यादीतही नव्हते.

2001 च्या त्या पावसाळ्यात त्या खटल्याच्या कागदांत एवढाच बदल झाला, की आरोपींतलं एक नाव कमी झालं. पुढची तारीख पडली.